सामाईक जगाचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावरील खेळावर लिहावे, आणि तेही महाविद्यालयाच्या वार्षिकात, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु परिव्यय लेखांकनातील ‘मर्यादक घटक’ हे प्रकरण मला वर्गात जेवढे समजले, त्यापेक्षा अधिक ते सहा मित्रांनी मिळून एक खेळ चालविताना समजले. आमच्यापैकी तिघे मराठी माध्यमातून आलेले, तिघे कन्नड. खेळाचे इंग्रजी शब्द मात्र सर्वांना सारखेच परके होते, त्यामुळे तेथे कोणाचीच मिजास चालली नाही.

खेळ ‘माइनक्राफ्ट’. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन याने तो मे २००९ मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी अडीच अब्ज डॉलरांस विकत घेतली. या जातीच्या खेळांना सँडबॉक्स म्हणतात. लहान मुलाला वाळूच्या ढिगाशी सोडून द्यावे तसे येथे खेळाडूला सोडून देतात. खणा, बांधा, शेती करा, नाहीतर नुसते हिंडा. यात मॉड घातले, म्हणजे बाहेरच्या हौशी मंडळींनी लिहिलेल्या जोड-आज्ञावल्या बसविल्या, की मूळ खेळात नसलेल्या वस्तू येतात. ‘क्रिएट’ नावाच्या मॉडने पाणचक्क्या, दांडे, दातेरी चाके आणि माल वाहणारे पट्टे येतात. आमच्यातील एकाने त्यावर गव्हापासून पावापर्यंतची संपूर्ण गिरणी उभी केली. त्याला पुस्तपालनात पस्तीस गुण पडले होते हे येथे सांगणे अप्रस्तुत आहे, तरी सांगतो.

खेळाच्या दोन आवृत्त्या आहेत, आणि नवख्याचे पैसे पुष्कळदा येथेच वाया जातात. मोबाइलवर चालते ती बेडरॉक. हे हजारो मॉड जिच्यावर बसतात ती जावा आवृत्ती, आणि तिला संगणकच लागतो. ज्याला काहीच खर्च करावयाचा नसेल त्याने ‘लुआंटी’ पाहावी. २०२४ पर्यंत तिचे नाव माइनटेस्ट होते. ती फुकट आहे, उघड्या संहितेची आहे आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते. मॉड तिलाही आहेत, फक्त ते निराळे.

आता यंत्राकडे वळू. दुकानात गेल्यावर विक्रेता प्रथम ग्राफिक्स कार्ड दाखवितो, कारण त्याची किंमत मोठी आणि खोका देखणा. परंतु ‘खेळ अडकतो’ या एकाच तक्रारीखाली दोन अगदी वेगळे आजार असतात. एक चित्राचा. आपला संगणक दर सेकंदास पुरेशी चित्रे काढू शकत नाही, म्हणून पडदा धक्के खातो. दुसरा जगाचा. खेळातील जग सेकंदास २० ठोक्यांनी पुढे सरकते, म्हणजे एका ठोक्यास ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सर्व गायी हलल्या पाहिजेत, पिके वाढली पाहिजेत, पट्ट्यावरचा माल सरकला पाहिजे. या कामास १०० मिलिसेकंद लागले तर ठोके १० वर येतात आणि सगळे जग निम्म्या वेगाने चालू लागते. चित्र गुळगुळीत, पण फोडलेला दगड क्षणभराने परत जागेवर दिसतो. हा दुसरा आजार ग्राफिक्स कार्डाने बरा होत नाही, कारण तो खेळाडूच्या यंत्रातला नसून सर्व्हरच्या यंत्रातला असतो.

सर्व्हरचे हे काम बहुतांशी एकाच धाग्यावर चालते. सहा हमाल ठेवले तरी दार एकाच माणसापुरते असावे तसा हा प्रकार. म्हणून बारा संथ गाभ्यांच्या प्रोसेसरपेक्षा चार वेगवान गाभ्यांचा प्रोसेसर येथे सरस ठरतो. कार्यालयातून निघालेला जुना संगणक लहान मंडळीस पुरतो, तो यामुळेच.

दृष्टीच्या अंतराचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा. जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत विभागलेले असते. २०२१ च्या अखेरीस आलेल्या १.१८ आवृत्तीपासून जगाची उंची ३८४ ठोकळे झाली, म्हणजे एका तुकड्यात ९८,३०४ ठोकळे. दृष्टीचे अंतर १० ठेवले तर खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ तुकडे सांभाळावे लागतात. तेच १६ केले की ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९. अंतर वाढले दीडपट आणि थोडे, बोजा वाढला जवळजवळ अडीचपट. सहा खेळाडू सहा दिशांना गेले तर हा बोजा सहा वेळा. आम्ही अंतर ८ वर आणले, तेव्हा २८९ तुकडे झाले. लांबचा डोंगर दिसेनासा झाला, पण गिरणी पुन्हा नीट चालू लागली. एक पैसाही न खर्चता झालेली ही सुधारणा होती, आणि बहुतेक लोक ती करण्याआधीच दुकान गाठतात.

स्मृतीविषयी, म्हणजे रॅमविषयी, ‘जास्त ते चांगले’ असा समज आहे. शे-दीडशे मॉडांच्या संचास ६ ते ८ जीबी द्यावी लागते हे खरे. परंतु जावा वापरून झालेली स्मृती अधूनमधून झाडून काढते, आणि घर उगाच मोठे दिले तर हे झाडणे लांबू शकते, तेवढा वेळ खेळ थबकतो. शिवाय संगणकात एकूण ८ जीबी असताना खेळालाच ८ दिली तर विंडोजने जावे कोठे? ज्यांच्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही त्यांनी १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात. अंतर्गत ग्राफिक्स हीच स्मृती वापरते, आणि दोन पट्ट्यांमुळे तिचा मार्ग दुप्पट रुंद होतो.

खरेदी करताना घसाराही डोळ्यांपुढे असू द्यावा. प्राप्तिकरासाठी संगणकाचा घसारा पूर्वी ६० टक्के होता. एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्के करण्यात आला. आपण प्राप्तिकर भरत नसलो तरी मोजपट्टी म्हणून हा दर चांगला आहे. ५०,००० रुपयांचे यंत्र घटत्या शिलकेच्या पद्धतीने पहिल्या वर्षाअखेर ३०,०००, दुसऱ्या वर्षाअखेर १८,००० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १०,८०० वर येते. म्हणजे पदवी हाती येईपर्यंत चार पंचमांशाच्या आसपास किंमत उडालेली असते. वडिलांकडे पैसे मागताना हे कोष्टक दाखवावे की लपवावे, ते ज्याने त्याने ठरवावे.

आम्ही प्रत्येकी १,८०० रुपये काढले. जमलेल्या १०,८०० मधून ९,००० चा जुना कार्यालयीन संगणक घेतला आणि तो शहापूरच्या मित्राच्या घरी ठेवला, कारण त्याच्याकडे फायबरची जोडणी होती. विजेचा भार सरासरी ४० वॅट धरला तर रोज चार तासांप्रमाणे महिन्याला पाच युनिटेही होत नाहीत, म्हणून त्याच्या घरच्यांनी बिल मागितले नाही. बेळगावच्या पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि जग लिहून ठेवले जात असताना वीज गेली तर तुकडे बिघडतात. तेव्हा रोज रात्री जगाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढणे हे काम वाटून घेतले.

खरी अडचण वेगळीच निघाली. सर्वांच्या यंत्रांत तेच मॉड आणि त्यांच्या त्याच आवृत्त्या असाव्या लागतात, नाहीतर सर्व्हर सहसा आत घेत नाही. आमची यादी १४० वर गेली. एका मित्राच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी स्मृती होती. त्याचा खेळ उघडेचना. मर्यादक घटक म्हणून पुस्तकात कच्चा माल किंवा यंत्रतास दिलेले असतात. येथे तो घटक म्हणजे रोज आमच्या शेजारी बाकावर बसणारा मुलगा होता. दोघांचे म्हणणे पडले की त्याने थोडे दिवस नुसते पाहावे. तो काही बोलला नाही. कन्नडमध्ये एवढेच म्हणाला की तुम्ही खेळा, मी प्रती काढण्याचे काम करीन. त्यानंतर त्या दोघांनाही तो विषय पुन्हा काढवला नाही.

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ आमच्या गटास लागू नाही. व्यवसाय नाही आणि नफाही नाही. तरी त्याचे कलम १२ मी मित्रांना वाचून दाखविले. नेहमीच्या बाबी बहुमताने ठरतात, पण धंद्याचे स्वरूपच बदलायचे तर सर्वांची संमती लागते, आणि निर्णयापूर्वी मत मांडण्याचा हक्क प्रत्येकास असतो. नवा मॉड घालणे ही पहिल्या प्रकारची बाब, एखाद्याला बाहेर ठेवणे दुसऱ्या प्रकारची. चालू मॉड काढणेही दुसऱ्याच प्रकारचे, कारण मॉड गेला की त्याने आणलेल्या वस्तू जगातून नाहीशा होतात. ‘क्रिएट’ काढला असता तर ती गिरणी एका रात्रीत गेली असती. शेवटी यादी ६० वर आणली, गिरणी राखली, आणि सामाईक शिलकेतून १,१०० रुपयांची ८ जीबीची जुनी पट्टी त्या लॅपटॉपमध्ये बसविली. हा खर्च मी महसुली खर्च म्हणून लिहिला. आमच्या एका प्राध्यापकांच्या मते ती सरळसरळ उचल आहे आणि त्या भागीदाराच्या खात्यास नावे टाकली पाहिजे. सरांचा तर्क मला मान्य आहे. नोंद मी बदललेली नाही.

एक सूचना मात्र देऊन ठेवतो. मॉड म्हणजे आपल्या संगणकावर आपल्याच अधिकाराने चालणारी आज्ञावली. ती साठविलेले पासवर्डही वाचू शकते. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध संग्रहस्थळांवरील मॉडांतूनच अशी घातक आज्ञावली पसरली होती. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या घटकातील छिद्रामुळे नुसत्या गप्पांच्या ओळीतून सर्व्हरचा ताबा घेता येत होता. तेव्हा अनोळखी ठिकाणचे मॉड नकोत, आणि सर्व्हरवर वडिलांची बँकेची कामे तर मुळीच नकोत.

येत्या मे महिन्यात आम्ही सर्व पदवीधर होऊ आणि पांगू. विसर्जनाच्या वेळी मालमत्ता वाटावी लागते. येथे एक गंमत आहे. जग ही एक फाइलांची पेटी असल्यामुळे तिच्या सहा प्रती निघतात, आणि प्रत्येकाच्या वाट्यास एक षष्ठांश न येता पुरे जग येते. यंत्राचे तसे नाही. ९,००० वर ४० टक्क्यांनी दोन वर्षांचा घसारा काढला की ३,२४० उरतात. जो यंत्र ठेवील त्याने बाकीच्या पाच जणांस प्रत्येकी ५४० रुपये द्यावेत, असे ठरले आहे.