बेअरिंगने शिकवलेला धडा

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. पण बेअरिंगच्या बाबतीत मी जी चूक केली ती मात्र तुम्ही करू नका. त्यासाठीच हा लेख.

आमच्याकडे 2004 सालची मारुती 800 आहे, म्हणजे माझ्यापेक्षा थोडी मोठीच! दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला गेले तेव्हा गाडीने जरा स्पीड घेतला की पुढून 'घूंऽऽ' असा आवाज यायचा. बाबा म्हणाले, "टायरचा असेल." असू शकतो, म्हणून आधी तपासलं. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल केली तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिनाचा नाही. डावीकडे वळताना वाढायचा, उजवीकडे वळताना कमी व्हायचा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून संशय उजव्या चाकावर. ते जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं तर खडखडलं. एका हाताने स्प्रिंग धरून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं तर स्प्रिंगमध्ये खरखर जाणवली. निदान पक्कं, बेअरिंग गेलं!

खोलायचं काम बाबांनी आणि मी अंगणात केलं. मागच्या चाकांना दगड लावायचे आणि एक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करायचा. नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, खाली स्टँड हवाच. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने बांधायचा, होजवर लोंबकळू द्यायचा नाही. मग टाय रॉड, बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे बोल्ट सोडवले की नकल हातात येतो. बेअरिंग त्याच्यातच बसलेलं असतं.

इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पण नवीन बेअरिंग बसवायला आमच्याकडे प्रेस कुठला? मी आतल्या रिंगवर पाइपचा तुकडा ठेवला आणि हातोडीने ठोकून बसवलं. बसलं की! आवाजही गेला. मी खूश.

संक्रांतीला घरी गेले तर तोच 'घूंऽऽ' परत. मधल्या काळात आई-बाबा मला भेटायला त्याच गाडीने दोनदा खंबाटकी ओलांडून पुण्याला येऊन गेले होते. माझ्या पोटात गोळाच आला. बेअरिंग पूर्ण गेलं तर चाक डगमगतं, धावत्या गाडीत जामही होऊ शकतं.

या वेळी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्या काकांनी बेअरिंग काढून आतली खोबण दाखवली. सारख्या अंतरावर बारीक खड्डे, प्रत्येक छर्र्याखाली एक. "बाळा, ठोकलं होतंस ना?" त्यांनी एवढंच विचारलं.

कारण फर्स्ट इयरचंच आहे. स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. छर्रा खोबणीला अगदी ठिपक्याएवढ्या जागेत टेकतो, त्यामुळे हातोडीच्या घावाने तिथे प्रचंड स्ट्रेस येतो आणि कायमचा खड्डा पडतो. याला ब्रिनेलिंग म्हणतात. आपण लॅबमध्ये गोळी दाबून धातूचा कडकपणा मोजतो ना? ती टेस्ट ज्यांनी 1900 साली मांडली, त्या स्वीडिश इंजिनिअर ब्रिनेल यांचंच हे नाव. मी अंगणात नकळत तेच प्रॅक्टिकल केलं होतं!

नियम सोपा आहे. जी रिंग घट्ट बसवायची, जोर त्याच रिंगवर द्यायचा. नकलमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर. नंतर हब दाबताना आतल्या रिंगला खालून आधार. छर्र्यांमधून जोर जाता कामा नये. काकांनी तसंच प्रेसवर बसवलं, सील नवीन घातलं आणि एक्सल नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याएवढा आवळला.

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये बाइकच्या चाकाचं बेअरिंग ठोकणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट शोधा. सापडला नाही तर हातोडी खाली ठेवा आणि प्रेस असलेलं गॅरेज गाठा. त्या गाडीवर तुमच्या मागे कोणीतरी बसणार असतं.