मनोरा आणि स्टुडिओ

दूरचित्रवाणी एखाद्या शहरात पोचणे आणि ते शहर दूरचित्रवाणीवर दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी प्रक्षेपक व उंच मनोरा पुरेसा होतो. दुसरीसाठी स्टुडिओ, कॅमेरे व संकलनाची सोय लागते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्या शहराच्या गल्ल्या, बोली व आठवणी यांची जाण असलेली माणसे लागतात. भारतात पहिली गोष्ट झपाट्याने घडली, दुसरी मात्र फार सावकाश. हा फरक जबलपूरच्या उदाहरणावरून चांगला समजतो.

भारतातील दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’ यांसारख्या कार्यक्रमांतून मराठी प्रेक्षकाला आपली भाषा व आपले जीवन पडद्यावर दिसू लागले. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाला आरंभ झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच देशभर कमी शक्तीचे अनेक प्रक्षेपक उभारण्यात आले. या प्रक्षेपकांचे मुख्य काम दिल्लीहून आलेले कार्यक्रम जसेच्या तसे पुढे पोचवणे हे होते. जबलपुरातही कटंगा भागात मनोरा उभा राहिला. राज्याचे प्रमुख निर्मितीकेंद्र मात्र पुढे १९९० च्या दशकात राजधानी भोपाळ येथे, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर दूर, झाले.

या अंतरामागे एक जुना इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, तेव्हा राजधानीचा मान जबलपूरला मिळेल अशी तेथील लोकांची अपेक्षा होती. राजधानी भोपाळला गेली व उच्च न्यायालय जबलपूरला आले. विनोबांनी या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटल्याचे जबलपूरकर अभिमानाने सांगतात. पण प्रसारणाची साधने राजधानीच्या मागोमाग जातात, संस्कारधानीच्या नव्हे.

दाखवण्याजोगे काही नव्हते, असे मात्र नाही. जवळच्या तेवर गावी कलचुरींची राजधानी त्रिपुरी होती. भेडाघाटच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. मदन महाल गोंड राजवटीची आठवण देतो. त्याच राजघराण्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना मरण पावली. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा प्रदेश घेतला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता यांच्याकडून आलेले लोहमार्ग येथेच एकमेकांना मिळाले. १९२३ चा झेंडा सत्याग्रह येथे सुरू होऊन नागपूरला पोचला, आणि १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन त्रिपुरीला भरले. सुभद्राकुमारी चौहान व हरिशंकर परसाई यांनी आपले बरेच लेखन याच शहरात केले. गोंडी, बुंदेली, हिंदी, मराठी व बंगाली या भाषांचा असा शेजार थोड्याच शहरांत आढळतो.

चित्राने सोडलेली ही जागा काही अंशी आवाजाने भरून काढली. १९६४ मध्ये जबलपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. नभोवाणीला खर्च कमी लागतो. एक ध्वनिमुद्रक घेऊन नर्मदेच्या घाटावर जाता येते. नर्मदायात्रेला निघालेल्या लोकांची बंबुलिया गीते किंवा फाल्गुनातील फाग यांना स्थानिक केंद्रावर जे स्थान मिळू शकते, ते राष्ट्रीय कार्यक्रमात मिळणे कठीण असते. वृत्तपत्रांनीही आपला वाटा उचलला. ‘देशबंधु’ दैनिकात परसाई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. जिथे लोक केवळ ऐकत नाहीत तर विचारतातही, तिथेच स्थानिक माध्यमाला खरा प्राण येतो.

दूरचित्रवाणीला हे साधत नाही असे नाही. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात १९७५ पासून सुमारे दहा वर्षे पीज येथील लहान प्रक्षेपकावरून गावकऱ्यांच्या प्रश्नांवर, त्यांच्याच बोलीत, पुष्कळदा त्यांनाच पात्रे करून कार्यक्रम दाखवले गेले. या प्रयोगाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तरीही तो टिकला नाही. प्रक्षेपक हलवला जाऊ लागला तेव्हा लोकांनी विरोध केला. आपल्यासाठी तयार झालेला कार्यक्रम लोकांना आपला वाटतो, याचा हा पुरावाच होय. डॉ. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही १९८० च्या दशकात दिल्लीकेंद्रित प्रसारणाचे धोके दाखवून दिले होते.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाचा मोठा धक्का बसला. माणसे दगावली, घरे पडली. अशा वेळी कोणत्या वस्तीत मदत हवी, कोणता रस्ता बंद आहे, कोणती अफवा खोटी आहे, हे सांगणारा आवाज गावातलाच असावा लागतो. दूरच्या बातमीपत्रात ‘जबलपूर’ हे एक नाव मावते. त्यातले मोहल्ले मावत नाहीत.

उपग्रह व केबल आल्यावर जमिनीवरील प्रक्षेपणाचे महत्त्व ओसरले आणि २०२२ पर्यंत दूरदर्शनने आपले बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. मनोऱ्याचे युग अशा रीतीने संपले. निर्मितीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. चित्रे पोचवण्याचे मार्ग आता वाढले आहेत. तथापि वृद्ध गायकाचे गाणे, जुन्या कारागिराची कृती किंवा सत्याग्रहींच्या घरात सांगितली जाणारी हकीकत वेळेवर टिपून, तिचे जतन करून ती सर्वांना उपलब्ध करून देणे हे सार्वजनिक संस्थेचेच काम आहे, कारण त्यात नफा नाही. परसाई १९९५ मध्ये गेले. प्रत्येक पिढीबरोबर शहराच्या स्मृतीचा एक भाग निघून जातो, आणि जे मुद्रित झाले नाही ते पुन्हा प्रक्षेपित करता येत नाही.