लेन्सची परीक्षा लॅपटॉपवर नको

‘किट लेन्स सॉफ्ट आहे, आता बदलायलाच हवी,’ हे वाक्य हौशी छायाचित्रकारांच्या तोंडी हमखास ऐकू येतं. हा निकाल बहुतेक वेळा लागतो तो तेरा-चौदा इंची लॅपटॉपवर, फोटो शंभर टक्के मोठा करून. माझं म्हणणं एवढंच की या खटल्यातला साक्षीदारच भरवशाचा नाही. नवी लेन्स जरूर घ्यावी, पण ती कोणती आणि कशासाठी, हे त्या छोट्या स्क्रीनला विचारू नये. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरोखरच वाकडं असतं आणि बोल लागतो पायातल्या चाळांना.

गणित मांडून बघावं. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो देतो. १३.३ इंची फुल एचडी स्क्रीनवर दर इंचाला सुमारे १६६ पिक्सेल बसतात. म्हणजे शंभर टक्क्यांवर तो फोटो तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच होतो, आणि त्याचा जेमतेम बारावा हिस्सा आपण हातभर अंतरावरून डोळे बारीक करून तपासत असतो. जुन्या १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या १५.६ इंची लॅपटॉपवर तर हाच फोटो पाच फुटांचा होतो. भिंतीवरचं एवढं मोठं चित्र कुणी नाक लावून बघत नाही. घरात लावायच्या ८ बाय १२ इंची प्रिंटला, ३०० डीपीआयचा काटेकोर हिशेब धरला तरी, ८६ लाख पिक्सेल पुरतात. फोनवर बघणाऱ्याला त्याहूनही कितीतरी कमी लागतात. तेव्हा जो दोष प्रिंटमध्ये दिसणार नाही आणि फोनवरही नाही, त्याच्यासाठी पैसे मोजायचे का, हा खरा प्रश्न आहे.

त्यात लॅपटॉप स्वतःचे दोषही फोटोच्या माथी मारतो. रॉ फाइल उघडली की अनेक प्रोग्रॅम आधी कच्चं प्रिव्ह्यू दाखवतात, पूर्ण चित्र मागाहून तयार होतं. रॅम कमी आणि प्रोसेसर लहान असेल तर मधला वेळ लांबतो, आणि घाईत फोटो चाळणारा त्या धूसर प्रिव्ह्यूवरूनच मत बनवून पुढे जातो. कॅमेऱ्यातून थेट निघालेल्या जेपेगला शार्पनिंग झालेलं असतं. रॉ फाइलला ते आपण द्यायचं असतं. कोपऱ्यातला अंधार आणि कडेच्या रेषांचा बाक यांचंही तसंच. आजच्या अनेक मिररलेस लेन्स हे दोष सॉफ्टवेअरने दुरुस्त होतील असं गृहीत धरूनच बनवलेल्या असतात. डार्कटेबल किंवा रॉथेरपीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये लेन्स करेक्शन चालू आहे ना, एवढं बघितलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात. रंगांची कथा वेगळी नाही. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी ढोबळमानाने साठ-पासष्ट टक्केच तो स्क्रीन दाखवू शकतो. मिरवणुकीतला गुलाल त्यावर विटकाच दिसणार, आणि मग ‘या लेन्सला रंगच नाहीत’ असं म्हटलं जाणार.

मग पुरावा कुठे शोधायचा? फोटोबरोबर साठवलेल्या माहितीत, म्हणजे एक्झिफमध्ये. धूसर वाटलेला फोटो ५५ एमएमवर, सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाला काढला असेल, तर दोष बहुधा हललेल्या हाताचा किंवा हललेल्या माणसाचा आहे. स्टॅबिलायझेशन हात सावरतं. ढोल वाजवणाऱ्याला थांबवत नाही. पण रात्रीच्या मंडपातले फोटो एकामागून एक एफ/५.६ आणि आयएसओ ६४०० वर निघालेले दिसले, तर ते लेन्स घ्यायचं सबळ कारण आहे. एफ/१.८ ची लेन्स एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते; तेच काम आयएसओ ६४० च्या आसपास होतं. फोकसची खोली कमी होते, ती किंमत द्यावी लागते. यात छोट्या लॅपटॉपचाही फायदा आहे, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. फोटोत नॉइजच कमी असेल तर एआय डीनॉइज चालवावं लागत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला त्या कामासाठी एकेका फोटोमागे काही मिनिटंही लागू शकतात.

कोणती फोकल लेंग्थ हवी, तेही एक्झिफच सांगतं. बहुतेक फोटो १८ एमएमलाच अडकलेले असतील तर रुंद लेन्स हवी आहे. ५५ ला टेकलेले असतील तर लांबची. सगळे सुचवतात म्हणून ५० एमएम घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की एपीएस-सी कॅमेऱ्यावर ती ७५-८० एमएमसारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत घरची चार माणसं तिच्यात मावत नाहीत. तिथे ३५ बरी.

यावर कुणी म्हणेल, लेन्स खरोखरच सदोष नसते का? असते. आतली भिंगं किंचित तिरकी बसलेली असू शकतात. मात्र त्याची चाचणी सोपी आहे. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर सरळ लावावा, एफ/८ वर फोटो घ्यावेत आणि चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघावेत. दर वेळी एकच कोपरा पुसट येत असेल तर वॉरंटी वापरावी. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे.

दुसरा आक्षेप पक्षी टिपणाऱ्यांचा, आणि तो मला मान्य आहे. भिगवणला रोहित पक्षी दूर पाण्यात उभे असतात, फोटो कापूनच वापरावा लागतो, तेव्हा एकेक पिक्सेल मोलाचा ठरतो. पण दुपारी पाण्यावरची तापलेली हवा थरथरते आणि तिच्यातून काढलेला फोटो कितीही महागड्या लेन्सने स्वच्छ येत नाही. पहाटेच्या थंड हवेतले फोटो, शटर पुरेसा वेगवान ठेवूनही, कमी पडत असतील तर मोठी टेलिफोटो आधी एक-दोन दिवस भाड्याने घ्यावी. पुण्या-मुंबईत ती मिळते. आणि तिचे फोटो तपासताना लॅपटॉपला एखादा बरा २४ इंची आयपीएस मॉनिटर जोडावा. त्याची किंमत अशा लेन्सच्या तुलनेत किरकोळच असते.