फक्त सही

२ ऑक्टोबर २००९ ची ग्रामसभा. सतरंजीवर बायकांच्या बाजूला मोजून नऊ जणी बसलो होतो, आणि पाणी समितीत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत असा नियम. तेव्हा निवड कशी झाली हे वेगळं सांगायला नको. ग्रामसेवक नावं लिहीत लिहीत माझ्यापाशी येऊन थांबला. सरपंच म्हणाले, "काकू पोस्टातून रिटायर झाल्या, हिशोबाच्या पक्क्या. कोषाध्यक्ष त्याइलेच करा." मी नको-नको म्हणत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी धीर दिला, "तुमाले काई करा लागत नाई काकू. फक्त सई मारा लागते."

ती सही मला सात वर्षं पुरली. २०१९ च्या १५ ऑगस्टला जलजीवन मिशनची घोषणा झाली आणि गावोगावी पुन्हा पाणी समित्या बसल्या. दहा ते पंधरा जणांची समिती, त्यात निम्म्या बायका. आमच्या भागातल्या दोघी-तिघी विचारायला आल्या, "काकू, नाव देऊ का?" द्या, असंच मी सांगितलं. पण माझं काय झालं ते ऐकून मग द्या.

आमचं गाव नावाला गाव. वर्ध्याभोवती पिपरी, सिंदी, सावंगी, बोरगाव अशी 'मेघे' लागलेली गावं आहेत ना, त्याच वळणाचं. नाव नाही सांगत. कारभार ग्रामपंचायतीचा आणि वस्ती शहराची. वावरं गेली, ले-आऊट पडले, नोकरदार भाड्याने राहायला आले. नदीकाठची एक विहीर, एक मोटार, एक टाकी, आणि दर महिन्याला लांबत जाणाऱ्या पाइपलाइनी. समितीच्या खात्यावर दोन सह्या लागत, अध्यक्षांची आणि माझी.

पहिलं वर्ष मी खरंच फक्त सह्या केल्या. शिपाई दुपारी घरी यायचा, ओसरीवर बसायचा, चहा प्यायचा, रजिस्टर पुढे करायचा. पोस्टात ३३ वर्षं एका आण्याचा फरक पडला तरी रात्री आठपर्यंत बसून मेळ घालणारी बाई मी. पण इथे रजिस्टरचं आधलं पान उलटून पाहिलं नाही. तिथे वरचा साहेब होता, धाक होता. इथे सगळे घरचे. सरपंचांच्या आईशी माझी वाटीभर साखरेची देवाणघेवाण. घरच्या माणसाचा हिशोब कसा मागायचा?

मग मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाले. दोन महिने तरी जाणार होते. उन्हाळा तोंडावर होता, आणि वर्ध्याचा मे महिना काय असतो ते इथल्या माणसाला ठाऊक आहे. अध्यक्ष म्हणाले, मोटार जळली तर गाव तहानेने मरेल, तुमची सही कुठून आणू? मी पाच कोऱ्या चेकवर सह्या करून दिल्या. मनात शंका आली होती, हे कबूल करते. पण गाडी संध्याकाळची होती.

मोटार जळली. खरोखरच जळली. नवी आणली, चौथ्या दिवशी गावाला पाणी मिळालं. पुण्यात फोनवर ऐकलं तेव्हा मला उलट अभिमान वाटला, की माझ्या सहीने गावाचं पाणी राखलं.

दोन-अडीच वर्षांनी लेखापरीक्षण झालं. साहेबांसमोर चहा आणि गोरसपाकाची बशी ठेवली होती. (तो खर्चही 'किरकोळ'मध्ये पडला असणार.) त्यांनी शांतपणे तीन गोष्टी विचारल्या. तीन दुकानांची दरपत्रकं कुठे आहेत? जुनी मोटार कुठे आहे? ठरावाच्या सभेत कोषाध्यक्ष हजर असल्याची सही आहे, त्या दिवशी त्या कुठे होत्या?

दरपत्रकं नव्हती, घाईत एकाच दुकानातून मोटार उचलली होती. जुनी मोटार जड वस्तूंच्या नोंदवहीत चढलीच नव्हती. भंगारात गेली असावी, पण त्या तांब्याचा पैसा जमेला नव्हता. आणि ठरावावरची ती सही माझीच होती. पुण्याहून आल्यावर शिपायाने पुढे केली, मी करून टाकली. त्या तारखेला मी आजी झाले होते, तीही पुण्यात. रक्कम आक्षेपाधीन ठरली, आणि ती अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष या तिघांकडून वसूलपात्र.

कोणी पैसे खाल्ले का? मला आजही माहीत नाही. मोटार आली होती, पाणी आलं होतं. चोरी झाली नाही हे मला सिद्ध करता येईना आणि झाली असेल तर ते दाखवताही येईना. त्याच सुमारास राज्यात ठिकठिकाणी पाणी समित्यांच्या अध्यक्ष-सचिवांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या यायच्या. पेपर आला की आमचे हे आधी ते पान दुमडून ठेवायचे.

इथवर झालेली चूक कोणाकडूनही होते. दुसरी चूक मात्र माझी एकटीची, आणि ती सांगताना अजून जड जातं. हात पोळल्यावर मला सगळीकडे चोर दिसायला लागले. वसुली कमी का पडते? वीजबिल का थकतं? मी मनाशी ठरवून टाकलं की पाणी सोडणारा माणूस परस्पर पैसे घेऊन कनेक्शन देतो. आणि हे मी भर ग्रामसभेत बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. नंतर ग्रामपंचायतीच्या पायरीवर मला म्हणाला, "काकू, मले पाच महिने झाले पगार नाई. खाल्ले असते त कर्ज काऊन काढलं असतं मी?"

पुढच्या रविवारी शाळेची दोनशेपानी वही घेतली आणि गल्लीगल्लीतून फिरले. घर, नळ, नाव. चार रविवार लागले. मग ती वही कर मागणीच्या रजिस्टरशी, म्हणजे नमुना ९ शी, ताडून पाहिली. पाच घरांमागे एका घराचा नळ रजिस्टरातच नव्हता. जुन्या घराचे तीन भाऊ वेगळे झाले, नळ तीन झाले, नाव एकच राहिलं. ले-आऊटवाल्याने घरं विकताना नळ जोडून दिले, नोंद कोणीच केली नाही. ज्यांना मागणीच गेली नाही ते बिचारे भरणार कुठे? त्या यादीत आमचं मागचं भाड्याचं घरही निघालं. त्याची पाणीपट्टी मीही कधी भरली नव्हती.

पाणीपट्टीचा दरही कित्येक वर्षांत हलला नव्हता. निवडणूक तोंडावर असली की दर वाढवायचा नाही आणि निवडणूक झाली की लोक रागावतील म्हणून वाढवायचा नाही. तोवर वीज महागत गेली. बिल वेळेवर भरलं नाही की त्यावर सव्वा टक्का विलंब आकार चढतो, पुढे थकबाकीवर व्याज. आमच्या खात्यातून अशा दंडापोटी वर्षाला जी रक्कम जात होती, तिच्यात त्या पाणी सोडणाऱ्याचा दोन महिन्यांचा पगार निघाला असता. मी ज्याला चोर म्हटलं त्याचा.

या सगळ्यात मला वर्ध्याचीच मगनवाडी आठवली. तिच्यावरून मी लहानपणापासून ये-जा केली. जमनालालजी बजाजांनी ती जागा गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाला दिली आणि तिथे जे. सी. कुमारप्पा राहिले, एवढं शाळेतच कळलं होतं. ते लंडनला शिकलेले हिशोबतपासनीस होते, हे मात्र उशिरा वाचलं. वर्ध्याला येण्याआधी, १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदत निधीचा हिशोब त्यांच्याकडे होता. स्वयंसेवकाच्या जेवणाला रोजचे तीन आणे त्यांनी ठरवून दिले. गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले, तेव्हा कुमारप्पांनी गांधीजींचे चिटणीस महादेवभाई यांना सांगितलं की तुमचा खर्च या निधीतून होणार नाही, तुमची सोय तुम्ही पाहा. गांधीजी पैसे खातील अशी शंका त्यांना थोडीच होती? पैसा भूकंपग्रस्तांसाठी आला होता, एवढंच त्यांचं म्हणणं. हे वाचून मला त्या ग्रामसभेची लाज वाटली. मी हिशोब विचारला नव्हता, माणसावर आळ घेतला होता. आणि वर्षभर जो हिशोब विचारायला हवा होता, तो ओळखीच्या भिडेने विचारला नव्हता.

तेव्हा नाव देणार असाल तर आधी हे पाहा, की नाव कशात देताय. जलस्वराज्य प्रकल्पात, २००३ ते २००९ च्या काळात, पाणी समितीच्या जोडीला सामाजिक लेखापरीक्षण समिती असायची. एक खर्च करणारी, दुसरी तो तपासणारी. गावात मात्र दोन्हीकडे तीच ती माणसं किंवा त्यांच्या जावा-नणंदा भरल्या की झालं. आज मला कोणी निवडायची मुभा दिली तर मी तपासणाऱ्या बाजूला बसेन. खर्च करणाऱ्या समितीतच जावं लागलं तर चेकवर सही करणारं पद घेण्याआधी महिनाभर नुसतं पासबुक पाहायला मागा. पाहू दिलं नाही तर पुढचं सगळं कळलंच.

कोऱ्या चेकवर सही नाही. बाहेरगावी जायचं असेल तर ठराव करून सहीचा अधिकार दुसऱ्याला द्या, बँकेत तसं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. एका दुपारचं काम आहे ते. मागच्या तारखेच्या सभेवर सही नाही, शिपाई कितीही गरीब चेहऱ्याने उभा असला तरी. एखादा खर्च पटला नाही तर उठून भांडू नका. 'माझा विरोध नोंदवा' म्हणा आणि तो लिहिला जाईपर्यंत बसून राहा. इतिवृत्तातली ती एक ओळ पुढे तुमच्या उपयोगी पडते.

वीजबिल वाचायला शिका. बायकांना वाटतं ते इंजिनियरचं काम. आपण घरचं बिल वाचतोच ना? बिलावर वर्गवारी पाहा, ती सार्वजनिक पाणीपुरवठ्याचीच आहे ना. मंजूर भार आणि मोटार यांचा मेळ आहे का पाहा. मग साधा गुणाकार करा. १० अश्वशक्तीची मोटार तासाला साडेसात-आठ युनिट घेते. रोज आठ तास चालली तर दिवसाचे ६० ते ७०, महिन्याचे दोन हजारांच्या आसपास. बिलात साडेतीन हजार दिसले तर आधी दोन गोष्टी तपासा, मोटार जास्त चालते आहे का आणि रीडिंग चुकलं आहे का. जास्त चालत असेल तर गळती शोधा. आमच्याकडे व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी बारा महिने डबकं असायचं, म्हशी बसायच्या त्यात. आम्ही सगळे तिथूनच जायचो.

ब्लिचिंगचं पोतं बिलात दिसलं तर गोदामात जाऊन पाहा. ताज्या टीसीएलमध्ये, म्हणजे ब्लिचिंग पावडरमध्ये, साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. उघडं पडलं की ते उतरतं, २० टक्क्यांच्या खाली गेलं की कामाचं राहत नाही. स्वस्तात मिळालं म्हणून वर्षाचा साठा एकदम करणारा माणूस पैसे वाचवत नाही.

पावतीपुस्तकं मोजून घ्या. किती आली, किती संपली, कोणाकडे अर्धी आहेत. स्थळप्रती एका बाजूला आणि बँकेत भरणा केल्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूला ठेवून महिन्यातून एकदा मेळ घाला. आम्ही ५ तारीख धरली होती. तारीख ठरलेली असली की कोणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. पोळ्याला बैल धुतो तसं ते ठरलेलं काम होतं. आणि आकडे फळ्यावर लिहा. किती जमा, किती वीजबिल, किती पगार, किती थकबाकी. थकबाकीदारांची नावं लिहू नका, निदान पहिल्या वर्षी. आम्ही नुसत्या वॉर्डावार रकमा लिहिल्या, तरी पंधरा दिवसांत लोक एकमेकांना विचारायला लागले.

दरवाढ आम्ही २०१४ च्या १ मेच्या ग्रामसभेत मंजूर करून घेतली. भाषण कोणी केलं नाही. मी वीजबिल मोठ्याने वाचलं, त्याला घरांच्या संख्येने भागलं आणि बसले. आरडाओरडा झालाच. माझ्या घरी चार महिने हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. हे होतं, त्याची तयारी ठेवा.

त्या पाणी सोडणाऱ्याची माफी मी त्याच जागी, ग्रामसभेत मागितली. सतरंजीवरून उठून मागितली, कारण आळही उभं राहूनच घेतला होता. तो काही बोलला नाही. आता त्याचा मुलगा पाणी सोडतो.

लेखापरीक्षणातला तो परिच्छेद २०१६ साली निकाली निघाला. माझ्या वाट्याचे साडेचार हजार रुपये मी ग्रामपंचायतीत भरले. त्याची नमुना ७ ची पावती माझ्या पेन्शनच्या कागदांबरोबर आहे.