पित्ताची वाट तुंबते तेव्हा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा यांबद्दल लिहितो. या वेळी दवाखान्याबद्दल लिहीत आहोत, त्यास कारण घडले आहे. मागील हंगामात आमच्या गटातील एका सभासदाचे डोळे पिवळे झाले. पोटात उजवीकडे बरगडीखाली कळा येत होत्या. दवाखान्यात जा म्हटले तर म्हणाले, "साहेब, फडात टोळी हाय. ऊस गेला की बघू." तीन आठवडे काविळीचे झाडपाल्याचे औषध चालले. मग एका रात्री हुडहुडी भरून ताप चढला, माणूस बरळू लागला, तेव्हा मुलांनी गाडी काढली. वाचले, पण थोडक्यात.

कावीळ एकाच प्रकारची नसते, हे आपल्याकडे लक्षात घेतले जात नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ विश्रांतीने बहुधा उतरते, आणि श्रेय औषध देणाऱ्याला मिळते. दुसरी कावीळ तुंबल्याची. आपले यकृत दररोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. ते एका नळीतून लहान आतड्यात उतरते. ही नळी साधारण सहा मिलिमीटर रुंद, आणि बहुतेकांत स्वादुपिंडाची नळीही तिच्याच तोंडाशी येऊन मिळते. पित्ताशयातील खडा सरकून तेथे बसला की चारीचे दार बंद आणि मागून पाणी चालू, अशी गत होते. पित्त रक्तात उतरते, लघवी गडद होते, शौचास पांढुरके होते, अंगाला खाज सुटते. कळ, कावीळ आणि थंडी-ताप ही तिन्ही एकत्र आली तर तुंबलेल्या पित्तात जंतू झाले असे समजावे व त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. यात पथ्यपाण्याने खडा हलत नाही.

अशा वेळी डॉक्टर 'ई.आर.सी.पी.' सांगतात. नाव ऐकून घाबरू नये. रोग्याला उपाशीपोटी ठेवून गुंगी देतात व तोंडावाटे दुर्बिणीची लवचिक नळी जठरातून लहान आतड्यात नेतात. या दुर्बिणीची नजर समोर नसून बाजूला असते, कारण पित्तनळीचे तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीत आहे. त्या तोंडातून बारीक नळी घालून औषध सोडतात आणि क्ष-किरणांखाली खडा कोठे आहे ते पाहतात. मग विजेच्या तारेने तोंड थोडे कापून रुंद करतात आणि फुगा किंवा तारेची जाळी घालून खडा आतड्यात ओढतात. पोटावर टाका नाही. १९६८ साली अमेरिकेत डॉ. मॅकून यांनी दुर्बिणीतून या तोंडात प्रथम नळी घातली. १९७४ साली जर्मनीत व जपानमध्ये तोंड कापण्याचा उपचार सुरू झाला. त्यापूर्वी पोट उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मात्र हा खेळ नव्हे. शंभरातील तीन ते दहा रोग्यांना नंतर स्वादुपिंडाची सूज येते. बहुतेकांची काही दिवसांत उतरते, क्वचित जिवावर बेतते. रक्तस्राव किंवा आतड्यास छिद्र होण्याचाही धोका असतो. म्हणून आता नुसते निदान करण्यासाठी ही तपासणी सहसा करीत नाहीत. आधी सोनोग्राफी, गरज पडल्यास एम.आर.सी.पी. हा एम.आर.आय.चा प्रकार. तो सांगितला म्हणजे बिल वाढवले, असे लगेच समजू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात. घरी आल्यावर पोटात जोराची कळ, ताप किंवा काळी शौच झाल्यास रात्र असली तरी परत जावे.

खडा निघाला तरी पित्ताशयात बाकीचे खडे असतात. त्याकरिता बहुधा पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया पुढे सुचवतात, ती टाळू नये. आणि कधी वाट मोकळी राहावी म्हणून पित्तनळीत प्लॅस्टिकची नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती साधारण तीन महिन्यांत काढावी किंवा बदलावी लागते. आमच्या सभासदांना हे सांगितले होते, पण बरे वाटले, खोडव्याची कामे निघाली, पाच महिने गेले. नळी तुंबली, पुन्हा ताप, पुन्हा दवाखाना, पुन्हा खर्च. आता नवीन नळीची तारीख आमच्या चिटबॉयने त्यांच्या ऊस नोंदीच्या पावतीमागे लाल शाईने लिहून दिली आहे, आणि गट ऑफिसच्या वहीतही टिपून ठेवली आहे.