एलीचे घर आणि आपले घर

घरी वाचनासाठी : १ शमुवेल २:१२-३६; ३:१-१८; ४:१०-१८



बाळ शमुवेलची गोष्ट आपली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतात. रात्री देव हाक मारतो, शमुवेल उठून एलीकडे धावतो आणि तिसऱ्या खेपेस वृद्ध एलीच्या ध्यानात येते की, ही हाक देवाची आहे. बहुधा गोष्ट इथेच थांबते. त्या रात्री देवाने शमुवेलला नेमके काय सांगितले, हे आपण सहसा वाचत नाही. तो निरोप एका बापाविषयी होता.

एली शिलो येथील याजक होता. ४० वर्षे त्याने इस्राएलचा न्यायनिवाडा केला. हफनी आणि फिनहास हे त्याचे मुलगेही याजकच होते. बळी अर्पण करताना चरबी प्रथम देवासाठी जाळायची, असा नियम होता. हे दोघे त्याआधीच नोकराला पाठवून कच्चे मांस मागत, कुणी नकार दिला तर बळजबरीने घेत. मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांनाही त्यांनी सोडले नाही. गावभर बोभाटा झाला, तो एलीच्या कानावर आला. या घरातून आपल्याला काय शिकायचे आहे?

१. एली बोलला, पण त्याने आवरले नाही

एलीने मुलांना खडसावले, समजावले, देवाच्या न्यायाची आठवणही करून दिली. मग देवाने त्याला दोष का दिला? कारण मुलगे काय करतात हे ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरले नाही (३:१३). तो घरात बाप होता आणि मंदिरात प्रमुख याजक. मुलांना वेदीपासून दूर करणे त्याच्या हातात होते. त्याने फक्त शब्द वापरले.

आपल्या घरांतही बोलणे पुष्कळ असते. ‘पुन्हा केलेस तर बघ!’ हे वाक्य मूल शंभर वेळा ऐकते आणि शंभर वेळा काहीच होत नाही, हेही शिकते. शिस्त म्हणजे मारझोड नव्हे. मुले खचून जातील अशी चीड त्यांना आणू नका, असे संत पौल बापांना बजावतो (कलस्सै ३:२१). ‘डिसिप्लिन’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दाशी जोडलेला आहे, त्याचा अर्थ शिष्य असा होतो. शिष्य घडवायचा तर दिलेला शब्द पाळावा लागतो. थोडे बोलावे, पण बोललो ते करावे.

२. त्या मांसात एलीचाही वाटा होता

देवाच्या माणसाने एलीला सांगितले की, तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांचा मान अधिक राखतोस आणि लोकांच्या अर्पणांतील उत्तम भागावर तुम्ही सारे पुष्ट होता (२:२९). ‘तुम्ही सारे’ यात एलीही आला. ज्या ताटात आपणही जेवतो, त्या ताटाविरुद्ध कठोर होणे अवघड जाते.

दारी कोणी आले की ‘पप्पा घरी नाहीत म्हणून सांग’ असे मुलाला शिकवणारा बाप उद्या त्याच्या खोटेपणावर रागावणार कसा? धर्मशिक्षणाचा वर्ग बुडवून मुलगा क्रिकेट खेळायला गेला आणि आईने ‘आजारी होता’ अशी चिठ्ठी लिहून दिली, तर त्या दिवशी त्याला एक धडा मिळालाच, पण तो वर्गातला नव्हे. न्यायाची कृत्ये करता करताच माणूस न्यायी होतो, असे तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणतो. मुलांची ही सवय आपल्याला पाहतच लागते किंवा मोडते.

संत ऑगस्टीन आपल्या वडिलांविषयी लिहितात की, ऐपत नसतानाही त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी खर्च केला, पण मुलगा देवासमोर कसा वाढतो आहे याची त्यांना पर्वा नव्हती. क्लासची फी वेळेवर भरणाऱ्या आपण सर्वांनी हे वाचून क्षणभर थांबावे.

३. गप्प राहिलेला बाप

दावीद राजा रणांगणावर शूर होता. आपला मुलगा अम्नोन याने तामारेवर अत्याचार केल्याचे ऐकून तो संतापला, पण त्याने केले काहीच नाही (२ शमुवेल १३:२१). दुसरा मुलगा अदोनीया याला तर ‘तू असे का केलेस?’ असे विचारून त्याने कधी दुखावले नव्हते (१ राजे १:६). बथशेबेच्या प्रकरणानंतर स्वतःच्या पापाच्या आठवणीने त्याचे तोंड बंद झाले असेल काय? पुष्कळ पालक असेच गप्प होतात. ‘मीच तसा वागलो, आता कोणत्या तोंडाने सांगू?’ कॅथलिक श्रद्धाग्रंथ याला उत्तर देतो : जे पालक आपल्या उणिवा मुलांजवळ कबूल करतात, ते त्यांना अधिक चांगले मार्गदर्शन करू शकतात (क्र. २२२३). ‘बाळा, माझे चुकले’ म्हटल्याने बापाचा अधिकार जात नाही, उलट वाढतो.

४. पुढाऱ्याचे घर

ज्याला स्वतःचे घर सांभाळता येत नाही, तो देवाच्या ख्रिस्तसभेची काळजी कशी घेणार, असा प्रश्न पौल विचारतो (१ तीमथ्य ३:४-५). हे पालकीय मंडळाच्या सभासदांना, संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना आणि धर्मशिक्षकांना लागू आहे. आपल्या मुलासाठी वेगळा नियम मागणारा पुढारी नकळत एलीच्या आसनावर बसतो. मी अविवाहित धर्मगुरू; धर्मग्राम हेच माझे घर. जवळच्या माणसाची चूक डोळ्यांआड करून दूरच्याला नियम दाखवण्याचा मोह मलाही आहे. म्हणून हा धडा वेदीपासून सुरू होतो.

५. ज्यांचे मन दुखावले आहे त्यांच्यासाठी

सारे काही करूनही ज्यांचे मूल भरकटले, त्यांनी हे वाचून स्वतःला दोषी ठरवू नये. शमुवेल स्वतः प्रामाणिक होता, तरी त्याचे मुलगे लाच खाऊ लागले (१ शमुवेल ८:३). प्रत्येक जण आपापल्या पापाचा जबाबदार आहे, असे यहेज्केल सांगतो (१८:२०). संत मोनिकाने वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, तेव्हा कुठे इ. स. ३८७ मध्ये ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. प्रयत्न आणि प्रार्थना आपल्या हाती आहेत, फळ देवाच्या हाती.

आणि एलीचे एक चांगलेही लक्षात ठेवू या. देवाची हाक ओळखायला शमुवेलला शिकवले ते त्यानेच. सकाळी ‘माझ्यापासून काही लपवू नकोस’ म्हणून त्याने आपल्याविरुद्धचा निरोप ऐकून घेतला. तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात शिल्लक होता. तो मुले लहान असताना वापरला असता तर!

या आठवड्यात रोझरीनंतर कुटुंबाने मिळून विचार करावा :

• आमच्या घरात असा कोणता नियम आहे, जो मोठेच पाळत नाहीत?
• मुलांना आम्ही कोणते शब्द दिले आणि पाळले नाहीत?
• मुलांनी आमच्याविषयी खरे सांगितले, तर आम्ही एलीप्रमाणे ऐकून घेऊ का?

प्रार्थना : हे पित्या, आमच्या मुलांना आवरण्याचे धैर्य आम्हांला दे आणि त्याआधी स्वतःला आवरण्याची कृपा दे. आमेन.

आपला प्रभूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू