कोणत्या कामाने मालाची किंमत वाढते?

जांब समर्थसारख्या गावात कापड विकून शिवूनही देणाऱ्या दुकानदाराला एक तक्रार नेहमी ऐकावी लागते, ती म्हणजे कपडे वेळेवर मिळत नाहीत. ईद जवळ आली की गिऱ्हाईक सरळ जालन्याला जाऊन तयार कपडे घेते. मी कारागिरांना दोष देत होतो. एकदा कुर्ता-पायजम्याच्या एका जोडाचा सारा प्रवास कागदावर मांडला, तेव्हा खरा दोष सापडला.

माप घेणे, कापड भिजवून वाळवणे, बेतणे, शिवणे, काज-बटण, इस्त्री, बिल अशी कामे एकाखाली एक लिहावीत. प्रत्येकापुढे दोन आकडे मांडावेत: हात किती वेळ चालला आणि माल किती वेळ पडून राहिला. आमच्या जोडाला ८ दिवस लागत. त्यात हात चालत तो वेळ ५ तासही भरला नाही. काजासाठी कुंभार पिंपळगावला जाणारे कपडे तर गठ्ठा पुरा होईपर्यंत दुकानातच पडून असत.

मग प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावेत.

१) या कामाने मालात बदल होतो काय?
२) गिऱ्हाईक त्या बदलाचे पैसे खुशीने देईल काय?
३) काम पहिल्याच वेळी बरोबर होते काय?

तिन्ही उत्तरे 'होय' आली तर ते काम किंमत वाढवणारे. बेतणे, शिवणे, काज, इस्त्री ही तशी कामे आहेत. माप, बिल, जीएसटीची नोंद यांनी किंमत वाढत नाही, पण ती टाळता येत नाहीत. ती थोडक्यात उरकावीत. गठ्ठ्याची वाट पाहणे, तेच माप दोनदा लिहिणे, उसवून पुन्हा शिवणे हे निव्वळ नुकसान.

इथे माझी एक चूक सांगतो. एक दिवस वाचावा म्हणून मी आधी भिजवणेच बंद केले. पहिल्या धुण्यात सुती कुर्ते आटले आणि गिऱ्हाईक परत आले. भिजवण्याने कापडात बदल होतो, तो फक्त डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वेळ खाणारे प्रत्येक काम फुकट समजू नये.

हा विचार कापडाच्याच धंद्यातून वाढला आहे. जपानच्या साकिची तोयोदा यांच्या १९२४ च्या मागाचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. मागाजवळ नुसते पाहत उभे राहणे म्हणजे विणणे नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले आणि एक कामगार अनेक माग सांभाळू लागला. पुढे टोयोटा मोटार कारखान्यात नुकसानीचे सात प्रकार सांगणारे ताइइची ओनो हेही आधी तोयोदांच्या सूत-कापड गिरणीतच कामाला होते.

आम्ही काजाचा माल रोजच्या रोज पाठवू लागलो आणि मापाची चिठ्ठी कापडालाच टाचू लागलो. आता जोड ४ दिवसांत मिळतो. कारागीर तेच, मजुरीही तीच.

आपणही आज रात्री दुकान वाढवल्यावर आपल्या एका मालाचा असा हिशोब मांडून पाहावा.